तीन मांजरं, एक फ्रीझर: कच्च्या आहाराचा जमाखर्च

१९ ऑक्टोबर २०२४, मुरुड (ता. दापोली)

आजपासून ही वही. घरात तीन मांजरं: बाबल्या (बोका, ५ किलो), चिंगी (४) आणि टिकली (साडेतीन). तिघांचीही नसबंदी झालेली. सध्याचा खुराक म्हणजे पिशवीतलं कोरडं खाणं आणि वर आमच्या खानावळीत निघणारी माशांची डोकी-शेपट्या.

दसऱ्याला उतरलेल्या एका पाहुण्या बाई सांगून गेल्या: कच्चं मांस घाला, तेच त्यांचं खरं अन्न, पिशवीपेक्षा आरोग्याला बरं आणि स्वस्तही पडतं. खरं अन्न कोणतं नि आरोग्याला काय बरं, यावर भांडायला पुष्कळ माणसं मोकळी आहेत. स्वस्त की महाग हे मात्र आकडे मांडून बघता येतं. खानावळ चालवणाऱ्या बाईला तेवढं जमायला हवं.

सुरुवातीची नोंद, पुढे तुलनेला लागेल:
कोरडं खाणं ३८० रुपये किलो. तिघांना मिळून दिवसाला १७० ग्रॅम. महिन्याला ५.१ किलो, म्हणजे १,९४० रुपये. एका मांजरामागे रोज साडेएकवीस.
ओल्या खाण्याचं ८५ ग्रॅमचं पाकीट ४५ रुपयांना. नुसत्या त्यावर पोट भरायचं तर तिघांना रोज आठ-नऊ पाकिटं, म्हणजे मांजरामागे सव्वाशेच्या वर. तो रस्ता बंद.

सासूबाईंचं मत पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवते: "मांजर उंदीर खातं. त्याला वजनकाटा लागतो होय?"

२३ ऑक्टोबर

सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. उंदीर म्हणजे मांस, हाड, काळीज, कलेजी, रक्त, सगळं एकत्र बांधून आलेलं. मांजराला जे जे लागतं ते त्यात आहे. पण एका उंदरात साधारण ३० कॅलरी, आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास लागतात. म्हणजे रोज सहा-सात उंदीर. तीन मांजरांना वीस. एवढे उंदीर घरात असते तर खानावळ कधीच बंद पडली असती.

मग उंदराची नक्कल करायची, कोंबडीतून. ती करताना काय काय सुटतं त्याची यादी काढली, तेव्हा कळलं की मांस हा यातला सोपा भाग.

कॅल्शियम: नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. किलोभर कोंबडीच्या मांसात फॉस्फरस दोनेक ग्रॅम, कॅल्शियम ग्रॅमच्या दशांशात. हे दोन्ही निदान बरोबरीने, कॅल्शियम थोडं जास्तच, असं लागतं. नाहीतर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. लहान पिल्लांना नुसतं मांस घातलं तर काही आठवड्यांत पाय वाकतात, हाडं मोडतात.

टॉरिन: मांसातलं एक अमिनो आम्ल. कुत्रा, माणूस ते अंगात बनवतात, मांजर पुरेसं बनवू शकत नाही. कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून निकामी होतं. हृदयाचा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला. तोवर बाजारातलं डबाबंद खाणं खाऊनसुद्धा मांजरं मरत होती. त्यानंतर कंपन्या टॉरिन वाढवून घालू लागल्या. कोंबडीच्या छातीत ते फार थोडं, तंगडीच्या गडद मांसात कितीतरी पट, हृदयात भरपूर. म्हणून ब्रेस्ट पीस कितीही देखणा दिसला तरी आपल्या कामाचा नाही.

कलेजी: अ जीवनसत्त्वासाठी हवीच, कारण गाजरातल्या कॅरोटीनपासून ते बनवणं मांजराला जमत नाही. पण एकूण खाण्याच्या पाच टक्क्यांच्या आसपासच, फार वर नको. कलेजी सगळ्यात आवडती आणि स्वस्त, म्हणून लोक रोज तीच घालतात. वर्षानुवर्षं तसं चाललं की मानेचे मणके एकमेकांत जुळून जातात.

२६ ऑक्टोबर

बाजारभाव काढायला दापोलीला. चिकन सेंटरवाल्या भाऊंकडे "मांजरांसाठी" म्हटलं तर त्यांनी न विचारता खालची पाटी ओढली. माना, पंजे, मुंड्या, ५० रुपये किलो. याला सगळे "कुत्र्याचं" म्हणतात. या दराने हिशोब केला तर पाहुण्या बाई शंभर टक्के बरोबर. पण त्यात हाड आणि कातडीच फार, मांस नावाला. महिनाभर त्यावर ठेवलं तर मांजरं बद्धकोष्ठाने कुंथतील.

हाडासकट खिमा करून द्याल का, विचारलं. भाऊ म्हणाले, "वहिनी, पातं गेलं तर नवीन कोण देणार?" बरोबर आहे. हाड दळणारं यंत्र हजारांत जातं, आणि एकदा ते घेतलं की स्वस्ताईची गोष्टच संपली.

म्हणून हाडाऐवजी अंड्याची टरफलं. यात मात्र नशीब आपल्या बाजूला. हर्णैच्या नाक्यावरचा आम्लेटपाववाला रोज पाटीभर टरफलं फेकतो. धुवून, आतला पापुद्रा काढून, तव्यावर कोरडी भाजून, मिक्सरच्या छोट्या भांड्यात पिठी. एका टरफलाची पाच-सहा ग्रॅम पिठी होते आणि त्यात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. म्हणजे एक किलो बिनहाडाच्या मांसाला एक टरफल. अख्ख्या प्रकल्पात फुकट मिळालेली ही एकच वस्तू. पिठी टाल्कम पावडरीइतकी बारीक हवी, कचकच लागली तर चिंगी तोंड लावत नाही.

२८ ऑक्टोबर

फ्रीझर आला. दापोलीतल्या बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला, शंभर लिटरचा, जुना. ७,५००. घरच्या फ्रिजमध्ये पाहुण्यांचे मासे, त्यात मांजरांचं कच्चं कोंबडं मला नको होतं. सुरी, पाट, पातेलंही वेगळं काढलं आणि त्यांना लाल दोरा बांधला. चार माणसांना जेवू घालणाऱ्या घरात कोंबडीचं कच्चं पाणी कोशिंबिरीच्या पाटावर गेलं, तर साल्मोनेला हा जंतू नुसता मांजराला नाही, आपल्याला आणि पाहुण्यांनाही धरतो. गोठवून तो मरत नाही, नुसता झोपतो.

पाव ग्रॅम मोजणारा छोटा काटा मागवला, सोनाराकडे असतो तसा, ३५० रुपये. टॉरिन शंभर ग्रॅमचा डबा ५५० ला, कुरिअरने. रोज मांजरामागे पाव ग्रॅम घालायचं ठरवलं. तिघांना महिन्याला साडेबावीस ग्रॅम, सव्वाशे रुपयांच्या आत. ज्याच्या अभावी मांजर आंधळं होतं किंवा हृदयाने जातं, ते मांजरामागे रोज दीड रुपयाच्या आत मिळतं. तरी कुणी घालत नाही, कारण कोंबडीवाल्याकडे ते मिळत नाही आणि कुणी सांगतही नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी ओसरली, पहिला घाणा काढला. प्रमाण, महिन्याचं, तिघांचं:

तंगडीचं बिनहाडाचं मांस कातडीसकट ७ किलो, पेटा (कोंबडीचं जठर) आणि हृदय अडीच किलो, कलेजी ६०० ग्रॅम, अंड्यांचे पिवळे बलक २०, शिजवलेली तारली १ किलो. वर टरफलांची पिठी, टॉरिन, आठवड्याला एक ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल, बी-कॉम्प्लेक्स. सगळं मिळून साडेअकरा किलोच्या आसपास. म्हणजे दिवसाला ३८० ग्रॅम, तिघांच्या वजनाच्या तीन टक्के.

पांढरा बलक कच्चा नको. त्यातलं अव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं. पांढऱ्याचं आम्लेट माणसांनी खाल्लं.

मांस खिमा नाही केलं, सुपारीएवढे तुकडे ठेवले. दातांना काम हवं.

१० नोव्हेंबर

बाबल्या पहिल्या दिवसापासून तयार. चिंगी आठवडाभर कोरड्यात चमचा-चमचा मिसळून वळली. टिकली अडून बसली. अशा वेळी "भूक लागली की खाईल" म्हणून ताणून धरायचं नाही. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते जिवावर बेततं, जाड मांजराच्या तर जास्तच. टिकलीला आधी शिजवलेलं दिलं, मग अर्धकच्चं, मग कच्चं. तिच्या आवडीचा मुद्दा असा निघाला की थंड खाणं तिला चालत नाही. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की संपवते.

१७ नोव्हेंबर

बंदरावर. हर्णैचा लिलाव संपत आला की उरलेल्या तारलीचे वाटे अगदी पडेल भावात जातात. नेहमीच्या मावशींनी विचारलं, "कच्ची नेतेस तर घाल ना कच्चीच. शिजवायचा कशाला कुटाणा?"

कुटाण्याला कारण आहे. तारली, मांदेली ज्या कुळांतली, त्या हेरिंग आणि अँचोव्हीच्या कुळांतल्या अनेक कच्च्या माशांत थायमिनेज असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. रोज कच्चे मासे खाणाऱ्या मांजराची चाल डळमळते, मान छातीकडे खाली वाकते, पुढे झटके येतात. शिजवलं की थायमिनेज संपतं. शिवाय तेलकट मासा रोजचाच झाला आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं, तर अंगातली चरबीच सुजून दुखू लागते, मांजर हात लावू देत नाही.

मावशींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बंदरावरची मांजरं काय मेली की काय गो?" मेली किती ते कोण मोजतं? जी दिसतात ती जगलेली. मात्र मावशींना मी एवढंच म्हटलं की घरची लाडावलेली आहेत.

किनाऱ्यावर सगळ्यांच्या मनात पक्कं आहे की मांजराला मासा फुकट आणि मासा म्हणजेच मांजराचं अन्न. खर्च मोजायला बसलं की सगळ्यात आधी ही फुकटाची सवय आड येते. उन्हात तासन्‌तास पडलेला बांगडा तर मी फुकटही आणत नाही. त्यात तयार झालेलं हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य उकळूनसुद्धा जात नाही.

३० नोव्हेंबर

महिन्याचा हिशोब.

तंगडी ७ किलो, ३०० ने: २,१००
पेटा-हृदय अडीच किलो: ४००
कलेजी: ९६
अंडी: १४०
तारली: १२०
टॉरिन: १२४
ई आणि बी: ३१
एकूण ३,०११. मांजरामागे रोज साडेतेहतीस.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, ओल्या पाकिटापेक्षा किती स्वस्त. मी फ्रीझर विसरत नाही. त्याने महिन्याला २८ युनिटं खाल्ली. आमचं बिल शंभराच्या वरच्या टप्प्यात असल्याने सगळे आकार धरून युनिटला १३ रुपये: ३६४. फ्रीझर पाच वर्षं चालेल असं धरून त्याची झीज १२५. दापोलीचं पेट्रोल १५०. साबण, ब्लीच, पिशव्या ६०. हे ६९९.

एकंदर ३,७१०. मांजरामागे रोज ४१ रुपये. कोरड्या खाण्याच्या जवळजवळ दुप्पट.

माझ्या वेळेचा रकाना धरलेला नाही. मांस तोडणं, मोजणं, डबे भरणं, मग अख्खी मोरी ब्लीचने धुणं यात अर्धा दिवस जातो. तेवढ्यात वीस माणसांची सोलकढी आणि भाकऱ्या होतात. घरच्या बाईच्या वेळेला भाव नसतो, म्हणूनच घरगुती सगळं स्वस्त दिसतं.

१२ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात घट बसलेला, आणि माझ्या हातात कोंबडीचा डबा. सासूबाईंनी क्षणभर विचार करून निवाडा दिला: "शिजवत नाहीस ना? मग मागच्या पडवीत घाल. चूल विटाळत नाही." कच्च्या आहाराचा हा फायदा कुठल्याच लेखात वाचला नव्हता.

शी पूर्वीपेक्षा कमी आणि कोरडी, वासही कमी. हे खरंच. तिघंही पाणी कमी पितात, कारण मांसातच सत्तर टक्के पाणी. बोक्यांना लघवी अडण्याचा त्रास असतो, त्यासाठी ओलं खाणं चांगलं. पण हा गुण पाण्याचा आहे, कच्चेपणाचा नाही. शिजवलेल्या ओल्या मांसालाही तो लागू. या दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र करतात.

७ जानेवारी २०२५

नागपूरच्या गोरेवाड्याची बातमी. तिथल्या बचाव केंद्रात डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या गेले. तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. आणि अमेरिकेत ओरेगनमध्ये एक घरगुती मांजर डिसेंबरमध्ये याच विषाणूने मेलं, त्याचा माग लागला तो टर्कीच्या गोठवलेल्या कच्च्या खाण्यापर्यंत. मांजरकुळाला हा रोग फार वाईट धरतो. गोठवून विषाणू मरत नाही, शिजवून मरतो.

आज घाणा काढायचा होता. मांस आणलं, पण शिजवून घातलं. तिघंही खुशाल जेवली.

९ फेब्रुवारी

मध्यंतरी उरणकडे कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला. मग मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत सापडल्याची बातमी आली. उरण म्हणजे आमच्याच किनाऱ्याची वरची बाजू. इकडच्या कोंबड्या कुठून कुठून येतात ते भाऊंनाही धड सांगता येत नाही.

घरात दोन तट. नवरा म्हणतो, एवढा फ्रीझर घेतलाय तर चालव. मी गोठवलेला साठा संपवायच्या आधी प्रत्येक डबा उकळून घेते. म्हणजे गोठवायचा खर्चही आणि गॅसचाही. हे जास्त दिवस चालणार नाही.

२ मार्च

जनावरांच्या डॉक्टरांकडे तिघांची तपासणी. रक्त पुढे पाठवावं लागतं, मांजरामागे १,२००. डॉक्टरांचं म्हणणं असं की घरचं खाणं घालता तर वर्षातून एकदा हे कराच, डोळेही बघून घ्या. टॉरिनचा किंवा कॅल्शियमचा घाटा बाहेरून दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट घरी येऊन तपासली: २०१९ मध्ये अमेरिकेत घरगुती मांजर-आहाराच्या शंभरावर पाककृती तपासल्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. ज्या ९४ कृतींत तपासण्याइतका तपशील होता, त्यांतल्या एकीतही सगळी पोषकं पुरेशी निघाली नाहीत.

माझ्या कृतीत जस्त, मँगनीज आणि ड जीवनसत्त्व या तीन जागी मला शंका आहे. मांजर उन्हात कितीही लोळलं तरी ड जीवनसत्त्व पुरेसं बनवत नाही. यावर उपाय म्हणजे सगळं मोजून घातलेली परदेशी पूड, आणि तिचा खर्च मांसाच्या पंगतीला जाऊन बसतो.

रक्ततपासणी ३,६०० वर्षाची, महिन्याला ३००. आता मांजरामागे रोज साडेचव्वेचाळीस.

कच्च्याची बाजू मांडणारे पॉटेंजरच्या मांजरांचा दाखला देतात: १९३०च्या दशकात एका अमेरिकन डॉक्टरने शेकडो मांजरं कच्च्या आणि शिजवलेल्या मांसावर ठेवली, शिजवलेल्यावरची पिढी-दर-पिढी खंगली. डॉक्टरांनी हसून विचारलं, "तेव्हा टॉरिन कुणाला ठाऊक होतं?" उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं. पाणी फेकलं की टॉरिन गेलं. पाणी ठेवलं आणि वरून पाव ग्रॅम घातलं, तर तो मुद्दा उरत नाही.

२७ एप्रिल

सुट्टीचे पाहुणे. नोंदींना वेळ नाही. चिकनचा भाव वाढला, तंगडी ३४०. बाकी ठीक.

२७ मे

यंदा पावसाने घाई केली. परवाच तो कोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, मुंबईत तर काल, इतक्या लवकर कुणाच्या आठवणीत नाही. त्याच्या आधीच आठवडाभर धो धो. आंब्याची फांदी तारेवर पडली, आळी अंधारात.

गच्च भरलेला फ्रीझर उघडला नाही तर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला जेमतेम एक दिवस. आमचा तर अर्धाही भरलेला नव्हता. वीज आली तेव्हा डबे मऊ पडून तळाशी लाल पाणी साचलेलं. साडेपाच किलो माल, १,४५० च्या घरात. पुन्हा गोठवून घालण्यातला नव्हता. माडाच्या बुंध्याशी खोल खड्डा करून पुरला आणि वर दगड ठेवला, नाहीतर कुत्र्यांनी रात्रीत उकरला असता.

२०२० च्या निसर्ग वादळानंतर या तालुक्यातल्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे विजेविना होत्या. तेव्हाचं आठवून सांगते: इथे फ्रीझरवर कुणाचं जेवण अवलंबून ठेवायचं असेल तर इन्व्हर्टरचाही रकाना काढावा लागेल. तो मी काढत नाही. कच्चं मांस घालण्यातला सगळ्यात मोठा खर्च मांसाचा नाही, ते कच्चं आणि तरीही निर्धोक ठेवण्याचा आहे, आणि त्या खर्चातून मांजराला नेमकं काय जास्त मिळतं ते मला अजून दिसलेलं नाही.

८ जून

नणंद सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. त्यामुळे उरलीसुरली चर्चा मिटली. कच्च्या मांसातून मांजराला टॉक्सोप्लाझ्माची (पोटातल्या बाळाला घातक ठरणाऱ्या परजीवीची) लागण झाली तर एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून ते बाहेर पडतं. बाहेर पडल्यावर दुसऱ्याला लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून वाळूचं घमेलं रोजच्या रोज साफ केलं की धोका पुष्कळ कमी. घमेलं मी बघते, नणंदेने हात लावायचा नाही. पण मूळ वाटच बंद करता येत असताना उघडी का ठेवायची?

आजपासून कच्चं कायमचं बंद, सगळं शिजवून. पद्धत:

मांस कच्चं असताना मोजायचं, कारण शिजल्यावर ते पाव भागाने हलकं होतं आणि प्रमाण चुकतं. बुडेल एवढंच पाणी, मीठ-मसाला काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने मांजराचं रक्त नासतं. आतून गुलाबीपणा गेला की उतरवायचं. पाणी त्यातच. कोमट झाल्यावर टरफलाची पिठी, टॉरिन, जीवनसत्त्वं. तीन दिवसांपुरतंच करायचं, घरच्या फ्रिजमध्ये मावतं.

मासेमारी १ जूनपासून बंद, ३१ जुलैपर्यंत. तारली नाही. मावशींकडे सुकट आणि सुके बोंबील आहेत, पण मिठाचे, मांजरांच्या कामाचे नाहीत. दोन महिने माशाशिवाय.

१३ जुलै

डॉक्टरांशी बोलून आणखी एक बदल. सकाळी कोरडं पिशवीतलं, अर्धा वाटा. संध्याकाळी घरचं शिजवलेलं, अर्धा वाटा. जस्त-मँगनीज-ड चा घोळ बराचसा कोरड्यातून भागतो, पाण्याचा फायदा ओल्यातून मिळतो. टॉरिन घरच्या वाट्यात चालू.

बाबल्याला हा निर्णय मान्य नाही. सकाळच्या वाटीकडे पाठ करून बसतो आणि चिंगीने तोंड घातलं की धावत येतो.

२ ऑगस्ट

श्रावण. चिकन उतरलं, तंगडी २८०. घरात महिनाभर मांसाहार बंद, आणि आता मांजरांचं शिजवायचं आहे. डिसेंबरचा निवाडा उलटला. सासूबाई म्हणाल्या, "मागल्या दारी तीन दगड मांड." मांडले. नारळाच्या सोडणांवर आणि झावळांवर पातेलं चढतं, म्हणजे गॅसचे पैसेही वाचले. तिघंही धुराच्या कडेला रांग लावून बसतात.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. पडवी रिकामी करायची, म्हणून हिशोब उरकते.

पूर्ण कच्चं, फ्रीझरसह आणि तपासणी धरून: मांजरामागे रोज साडेचव्वेचाळीस. मेमधलं नुकसान त्यात धरलेलं नाही.
पूर्ण शिजवलेलं, हर्णैतूनच थोड्या चढ्या भावाने घेतलेलं, गॅससह: महिन्याला ३,२८०, मांजरामागे साडेछत्तीस.
अर्धं कोरडं, अर्धं शिजवलेलं: महिन्याला २,६१०, मांजरामागे २९.
नुसतं कोरडं: साडेएकवीस.
मधल्या दोन ओळींत तपासणीचे मांजरामागे रोजचे साधारण सव्वातीन रुपये वर धरायचे. नुसत्या कोरड्याला ते डॉक्टर आवश्यक म्हणत नाहीत.

सगळे भाव नोव्हेंबरचे धरले, नाहीतर तुलना फसते. कुणी विचारलं तर मी २९ चा आकडा सांगते आणि सोबत टरफलाची पिठी बाटलीत भरून देते. आळीतल्या दोघींनी नेली. एकीने ती तुळशीत घातली.

रक्ताचे आकडे तिघांचे नीट. बाबल्या साडेपाच किलो झालाय, त्याचा संध्याकाळचा वाटा वीस ग्रॅमने कमी.

फ्रीझर ६,००० ला गेला. दाभोळकडच्या एकाने कोळंबीसाठी नेला, टेम्पोचं भाडं त्याचंच.